दान आणि चाल

नांदेड-लातूरकडील जुन्या वाड्यांतून दुपारीं सारीपाट पसरला म्हणजे हरणाराच्या तोंडीं एक वाक्य ठरलेलें असे: “दानच पडलें नाहीं!” या वाक्यांत सत्य किती आणि पळवाट किती, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडला आहे.

हा खेळ आतां सर्वांच्या परिचयाचा राहिलेला नाहीं, म्हणून थोडक्यांत सांगतों. चार पट्ट्यांचा कापडी पट. प्रत्येक पट्टींत आठ आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे एकंदर ९६ घरें, आणि मध्यें एक मोठें घर. चार रंगांच्या १६ सोंगट्या. दान पाडावयास पचिशींत कवड्या, सारीपाटांत लांबट फांसे. सोंगटी मोठ्या घरांतून आपल्या पट्टीच्या मधल्या ओळीनें उतरते, पटाच्या कडेनें फेरी घालते आणि त्याच ओळीनें घरीं येते. वाटेंत एकटी सांपडून मेली तर पुनः आरंभापासून निघते. एका घरांत एका रंगाच्या दोन आल्या तर त्यांचें जुग होतें आणि एकटी सोंगटी त्यांना मारूं शकत नाहीं.

वेरूळच्या लेण्यांत प्रत्यक्ष शिवपार्वतीहि फांसे खेळत बसलीं आहेत. तेव्हां या नादाला नांवें ठेवण्याचें मला धैर्य नाहीं. परंतु युधिष्ठिराचें द्यूत आणि आपला सारीपाट यांत मोठा भेद आहे. तेथें पण लावला, फांसे पडले, निकाल लागला. काय तो विवेक खेळावयास बसण्यापूर्वींच करावयाचा. नलाला ऋतुपर्णानें अक्षविद्या दिली ती बेहड्याच्या झाडाचीं पानें-फळें मोजून दाखवून. त्या झाडाचींच फळें प्राचीन काळीं फांसे म्हणून टाकीत. पण तीहि विद्या गणनेचीच. सारीपाटांत दान आणि निकाल यांच्यामध्यें चाल असते. पडलेलें दान फांशांचें. कोणती सोंगटी हालवावी, जुग फोडून मारावें कीं राखावें, हें खेळणाराचें.

त्यांतहि चौघांच्या डावांत समोरासमोरचे दोघे भिडू. दोघांच्याहि सोंगट्या घरीं गेल्यावांचून जय नाहीं. म्हणून जाणता गडी आपली शेवटची सोंगटी मुद्दाम बाहेर ठेवतो, प्रसंगीं तिला दुसरी फेरीहि घालावयास लावतो, आणि भिडूच्या मागें लागलेल्यांना मारतो.

मी बारा वर्षांचा असतांना माझी भिडू माझी विधवा आत्या होती. माझ्या चारहि सोंगट्या भराभर घरीं गेल्या आणि मी टाळ्या पिटल्या. तिच्या तीन अद्यापि वाटेवर होत्या. आमच्याकडच्या रीतीप्रमाणें माझीं दानें आतां वायां जाऊं लागलीं, आणि दोघे प्रतिपक्षी तिच्या एकेक सोंगटीवर येऊन पडूं लागले. मला कळलें तेव्हां बाहेर माझें कांहींच उरलें नव्हतें. डाव हरलों.

आजोबांनीं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलें. ते कांहीं बोलणार, तोंच आत्या फांसे गोळा करीत म्हणाली, “आज मला दानच पडलें नाहीं.”

तिला दानें पडलीं होतीं. मीं पाहिलीं होतीं. तिनें सोंगट्या पुनः मांडल्या आणि पहिलें दान टाकावयास फांसे माझ्या हातांत दिले.