शपथेला जामीन कोण?

मंत्रिमंडळाचा शपथविधी टीव्हीवर लागला की माझा कान एकाच जागी असतो. राज्यपाल 'मी' म्हणून थांबतात, मंत्री आपलं नाव घेतात आणि पुढे बहुतेकांच्या तोंडून येतं, 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो की...' एखादाच 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो' म्हणतो. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत दोन्ही पर्याय शेजारी शेजारी छापलेले आहेत आणि दोहोंचं वजन सारखं आहे. कोर्टातही तेच. सिनेमातल्या साक्षीदाराचा हात गीतेवर असतो, पण 1969 च्या शपथ कायद्यातल्या नमुन्यात कुठलाच ग्रंथ नाही. देवाच्या नावाने सांगा किंवा त्याच्याशिवाय सांगा, खरं सांगा म्हणजे झालं. देवाला साक्षी ठेवलेल्या जबान्या जास्त खऱ्या निघतात का, हे कोर्टाचे जिने झिजवलेल्या एखाद्या वकिलाला विचारून पाहा. तो नुसता हसेल.

तरीही मनातला खडा निघत नाही. धर्म नसेल तर माणूस नीतीने वागेल का, या प्रश्नाच्या पोटात खरं तर एक साधी धास्ती आहे: ह्याचा भरवसा काय? चार डोळे चुकवून वागायची वेळ आली तर ह्याला अडवणार कोण? पतपेढीत कर्ज मागायला गेलेल्याला जामीनदार विचारतात, तसं नास्तिकाला आपण विचारत असतो.

हा जामीन सगळ्यात कडकपणे मागितला गेला तो ब्रिटिश पार्लमेंटमध्ये. चार्ल्स ब्रॅडलॉ 1880 साली नॉर्दॅम्प्टनमधून निवडून आला. उघड नास्तिक. देवाच्या नावाच्या शपथेऐवजी नुसती प्रतिज्ञा करू द्या, असं तो म्हणाला, सभागृहाने नाकारलं. मग ठरलेली शपथ घ्यायचीही त्याने तयारी दाखवली, तर म्हणाले, तुझा देवावर विश्वासच नाही, तुझ्या शपथेला अर्थ काय? एकदा तर त्याला घड्याळाच्या मनोऱ्यातल्या कोठडीत डांबलं. जागा रिकामी ठरायची, पोटनिवडणूक लागायची, नॉर्दॅम्प्टनचे मतदार पुन्हा त्यालाच पाठवायचे. शेवटी 1886 मध्ये तो बाकावर बसला आणि 1888 मध्ये शपथेला पर्याय देणारा कायदाही त्यानेच करून घेतला. यातली खरी मेख अशी की माणूस लबाड असता तर त्याला काहीच अडचण नव्हती. पहिल्या दिवशीच शपथ पुटपुटायची आणि बसायचं. तसे बसलेले तेव्हाही असतीलच. बाहेर राहिला तो आपलं मत न लपवणारा, आणि तोही 'ह्याच्या शब्दाचा भरवसा नाही' म्हणून!

हा ब्रॅडलॉ आपल्याला अगदी परका नाही. 1889 च्या मुंबई काँग्रेसला तो आला होता आणि पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानची बाजू इतकी मांडायचा की त्याला 'हिंदुस्थानचा सभासद' म्हणत. 30 जानेवारी 1891 ला तो गेला. लंडनमधली हिंदी मंडळी अंत्यविधीला गेली, त्यांत कायद्याचा एक विद्यार्थी होता, मोहनदास गांधी. परतताना स्टेशनवर एका नास्तिकाने एका पाद्रीबुवांना गाठलं आणि पृथ्वीचा घेर एवढा, तर तुमच्या देवाचं आकारमान किती, असं विचारून भंडावलं. पाद्री शांतपणे म्हणाले, तो तुमच्या-माझ्या हृदयात राहतो. गांधींनी आत्मकथेत हा किस्सा सांगून वर लिहिलंय की नास्तिकतेविषयीची त्यांची अढी त्याने आणखी पक्की झाली. साहजिक आहे. देवाला फूटपट्टी लावणारा नास्तिक मलाही कंटाळवाणा वाटतो.

पण अढी असूनही ब्रॅडलॉच्या सचोटीचं करायचं काय, हा प्रश्न गांधींना सुटला नाही. पुढे 1925 मध्ये त्यांनी लिहिलं की नास्तिकाचं नास्तिक्यसुद्धा ईश्वरच आहे. 1931 साली स्वित्झर्लंडमध्ये ते 'सत्य हाच ईश्वर' इथवर आले. उदार भूमिका आहे, यात वाद नाही. माझी तक्रार एवढीच की यात नास्तिकाचं श्रेय हळूच काढून घेतलं जातं. आपणही तेच करतो. देव न मानणारा शेजारी रात्री दोनला दवाखान्यात धावून आला की दुसऱ्या दिवशी आपण म्हणतो, 'नास्तिक कसला, देवमाणूस आहे तो!' त्याचा चांगुलपणा त्याच्या नावावर जमा करायला आपला हात का आखडतो?

गांधींना तसा हिशेब मागणारा माणूस भेटला तो आंध्रातून आलेला. गोपाराजू रामचंद्र राव, म्हणजे गोरा. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. नास्तिक मतांपायी कॉलेजातल्या नोकऱ्या गेल्या, तेव्हा 1940 साली मुदुनूर या खेड्यात नास्तिक केंद्र काढून बसले. अस्पृश्यता मोडणं हे त्यांचं मुख्य काम. जातपात न पाहता सगळ्यांना एका पंक्तीला बसवायचे. 1944 च्या अखेरीला ते सेवाग्रामला आले आणि गांधींशी त्यांचा संवाद सुरू झाला. त्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग वादाचा नाही, लग्नाचा आहे. गोरांनी थोरल्या मुलीचं लग्न दलित तरुणाशी ठरवलं. गांधी म्हणाले, लग्न सेवाग्रामात लावू, मी लावतो. विधीत ईश्वराचं नाव येणार, ते गोरांना कसं चालावं? गांधींनी ते बाजूला ठेवून सत्याच्या नावाने लग्न लावायचं कबूल केलं. लग्न लागलं 1948 च्या मार्चमध्ये, सेवाग्रामातच. गांधींची हत्या झाली होती. ज्या कामासाठी एकाला देव लागत होता आणि दुसऱ्याला लागत नव्हता, ते काम मात्र तसूभरही वेगळं नव्हतं.

आता जरा पंढरपूरला या. विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केलं. दार अडवणारेही विठ्ठलाचेच भक्त आणि दाराशी उपाशी बसलेलाही त्याचाच. पोथ्या, आरत्या, एकादश्या, सगळं एक. मग फरक कशाने पडला? धर्मातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवणारं काहीतरी गुरुजींच्या मनात होतं, आणि ते धर्माच्या हातात हात घालून चालत असलं तरी धर्माच्या परवानगीची वाट पाहत नव्हतं. आस्तिक वाचकांना हे रुचणार नाही. ते म्हणतील, गुरुजींना ती दृष्टी विठ्ठलानेच दिली. देऊ देत. मग बडव्यांना का दिली नाही, एवढं सांगावं लागेल.

उलट बाजूने कोणी रशियाकडे बोट दाखवील, आणि खुशाल दाखवावं. स्टालिनच्या राज्यात देव नव्हता, छळछावण्या होत्या. देवाला हाकललं की माणूस सुधारतो, असं समजणारे त्याच स्टेशनवरच्या नास्तिकाचे भाऊबंद.

माझ्या मते धर्माचं खरं बळ भीतीत नाहीच. नरकाच्या भीतीने कोणी माप नीट घातल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. बळ आहे ते सोबतीत. ठरलेल्या तिथीला माणसं जमतात, अन्न शिजतं, अनोळख्याच्या पायाला तेल लावलं जातं. चांगलं वागायला दर वेळी नव्याने विचार करावा लागत नाही. नास्तिकाला हे आयतं मिळत नाही, आणि त्याची किंमत तो मोजतो. गोपाळ गणेश आगरकरांनी ती पुरेपूर मोजली. पुण्यात सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. 1895 मध्ये ते गेले तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती, आणि उशाशी एक पुरचुंडी सापडली, असं त्यांच्या चरित्रांत येतं. आपल्या दहनाच्या खर्चाचे पैसे त्यांनी त्यात बांधून ठेवले होते. कोणावर भार नको. फर्ग्युसनच्या प्राचार्याने हे करावं! घरात शिल्लक नव्हती हे एक कारण झालंच, पण मर्तिकाला समाज धावून येईल याची खात्री ज्याला नाही, तोच अशी तजवीज करतो.

त्यामुळे देव न मानणाऱ्या माझ्या मित्रांशी माझं भांडण नीतीवरून होत नाही. ती त्यांच्याकडे आहे, काहींकडे तर जरा जास्तच आहे. भांडण होतं ते त्यांच्या शोकसभांवरून. फोटो, हार, आणि मग एकामागून एक आठ भाषणं. मृताच्या म्हाताऱ्या बहिणीला मोठ्याने रडावंसं वाटलं तर तिने ते कुठे रडायचं, याची सोय कोणीच केलेली नसते. भजनी मंडळाला ते नीट कळतं. टाळ वाजायला लागले की तिचं रडणं त्यात खपून जातं. पुढच्या वेळी निदान दोन भाषणं कमी करा आणि कोणाला तरी गायला सांगा, असं मी त्यांना सुचवलं आहे. गाणं कुठलं घ्यायचं यावर समिती नेमली आहे म्हणे.