विनय कोणी शिकायचा?



दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. एम्स आणि सफदरजंग ही दोन मोठी रुग्णालये येथून जवळच आहेत. त्यामुळे तेथील मराठी साधकांच्या साप्ताहिक सत्संगात आरोग्यसेवेतील कोणी ना कोणी असतेच. एकदा विषय होता ‘विनय’. निरूपण संपल्यावर मुलाकडे राहायला आलेल्या एका निवृत्त परिचारिका ताईंनी आपला एक अनुभव सांगितला. गोष्ट जुनी होती, शहरही दुसरे होते.

एका लहान मुलाच्या केसपेपरवर औषधाची मात्रा लिहिताना दशांशचिन्ह राहून गेले होते. मात्रा दहापट झाली होती. ताईंना ते दिसले. पण लिहिणारे डॉक्टर मोठे नावाजलेले, आणि त्यांना कोणी शंका विचारलेली खपत नसे. ताई मुकाट्याने इंजेक्शन भरू लागल्या. तेवढ्यात एका शिकाऊ डॉक्टरांची नजर कागदावर गेली आणि त्यांनी ताईंना थांबवले. मूल वाचले. ताईंनी आम्हाला विचारले, “त्या दिवशी मी गप्प राहिले, तो माझा विनय होता की भित्रेपणा?”

आपण काय उत्तर दिले असते? ‘भित्रेपणा’ असे म्हणणे सोपे आहे, आणि त्यात तथ्यही आहे. मुलाच्या जिवापेक्षा स्वतःची बोलणी टाळणे त्या क्षणी मोठे ठरले, हे ताईंनी स्वतःच कबूल केले. पण प्रश्न तेथे संपत नाही. त्या वॉर्डात विनयाची अपेक्षा कोणाकडून होती? फक्त खालच्या माणसाकडून. ज्यांच्या हाती ज्ञान, अधिकार आणि लेखणी होती, त्यांना विनय कोणी शिकवलाच नव्हता.

डॉक्टरांचे नेतृत्व म्हटले की आपल्याला विभागप्रमुख किंवा अधीक्षक आठवतात. वस्तुतः ज्या दिवशी तरुण डॉक्टर पहिल्यांदा केसपेपरवर सही करतो, त्याच दिवशी तो नेता होतो. त्याच्या शब्दावर परिचारिका औषध देते, वॉर्डबॉय रुग्णाला हलवतो, नातेवाईक निर्णय घेतात. शरीराचे शास्त्र तो वर्षानुवर्षे शिकलेला असतो. पण आपल्या शब्दाखाली काम करणाऱ्यांचे ऐकायचे कसे, हे त्याला बहुधा स्वतःच्या साहेबांना पाहूनच शिकावे लागते. साहेब ओरडणारे असतील, तर दहा वर्षांनी तोही ओरडतो. अहंकार असाच एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातो.

ऐकण्याची सवय लावता येते का? यासंबंधी एक मोठा प्रयत्न झाला आहे. शल्यचिकित्सक डॉ. अतुल गवांदे यांचे घराणे मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे. त्यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक तपासणी यादी तयार केली. भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी असे तीन वेळा सर्वांनी थांबायचे आणि त्या-त्या टप्प्याचे मुद्दे मोठ्याने पडताळून पाहायचे. चीर घेण्याआधी खोलीतील प्रत्येकाने स्वतःचे नाव आणि काम सांगायचे, हाही त्यातला एक मुद्दा. जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली गेली. नवी दिल्ली त्यांपैकी एक होती. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणि मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले.

नाव सांगण्याने काय साधते? एकदा मोठ्याने बोललेला माणूस गरज पडल्यास पुन्हा बोलतो. ज्याचे नावही कोणाला ठाऊक नाही, तो ‘डॉक्टर, थांबा’ असे कसे म्हणेल?

मात्र या गोष्टीचा पुढचा भाग साधकांनी अधिक लक्षपूर्वक ऐकावा. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात शंभराहून अधिक रुग्णालयांत अशीच यादी लागू झाली. त्या रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय घट आढळली नाही. असे का झाले यावर तज्ज्ञांनी पुष्कळ चर्चा केली. आपल्याला त्यातील एक कारण चटकन उमगावे. माळ ओढली पण मन बाजारात, अशी उपासना आपण सर्वांनीच कधी ना कधी केली आहे. चौकटीत खूण करणे हे कर्मकांड आहे. क्षणभर थांबून ‘माझे चुकत असेल’ हे मनाने मान्य करणे ही साधना आहे. खूण करायला हुकूम पुरतो, साधनेला मात्र नेत्याने स्वतः बदलावे लागते.

येथे एक रास्त शंका येते. रुग्ण टेबलावर असताना, रक्तस्राव होत असताना सर्वांची मते घेत बसायचे का? नाही. संकटाच्या वेळी एकाचाच आवाज चालला पाहिजे आणि निर्णयाची जबाबदारीही त्याचीच. म्हणूनच ती यादी तीन ठरावीक क्षणी थांबायला सांगते. थांबण्याच्या वेळी ज्याने सर्वांचे ऐकले, त्याच्या आज्ञेवर लोक धावण्याच्या वेळी मनापासून धावतात. कारण ही आज्ञा आंधळी नाही, हे त्यांना ठाऊक असते.

नेतृत्वाची याहून अवघड पायरी म्हणजे आपले ज्ञान दुसऱ्याच्या हाती देणे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तेथे नवजात बाळे दगावत होती आणि रुग्णालये दूर होती. त्यांनी गावातल्याच, थोड्या शिकलेल्या स्त्रियांना बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकवले. सुई हा डॉक्टरांचा अधिकार मानला जात असताना ती खेड्यातील बाईच्या हातात देणे सोपे नव्हते. ३९ गावांत हे काम झाले. १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. पुढे २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम केंद्र सरकारने देशभर स्वीकारला. त्या डॉक्टरांनी आपला अधिकार वाटला आणि त्यामुळे त्यांचे कार्य स्वतःच्या दोन हातांपलीकडे पोहोचले.

लक्ष्मीबाईंच्या नावाच्या वसाहतीत हे बोलताना राणीचीही आठवण होते. १८५८ च्या वेढ्यात झाशीच्या स्त्रिया तटावर तोफांपाशी राबत होत्या, दारूगोळा पोहोचवत होत्या, असे शत्रूपक्षानेच नोंदवले आहे. ज्यांना कोणी मोजत नव्हते, त्या उभ्या राहिल्या. हीच नेतृत्वाची खरी कसोटी.

आपल्यापैकी जे डॉक्टर आहेत, त्यांनी तीन गोष्टी करून पाहाव्यात. राउंड संपण्यापूर्वी सर्वांत कनिष्ठाला आधी विचारा, “माझ्याकडून काही राहिले का?” वरिष्ठ बोलून गेल्यावर कनिष्ठ सहसा विरोधात बोलत नाही, म्हणून हा क्रम महत्त्वाचा. कोणी शंका काढली आणि ती चुकीची निघाली, तरी सर्वांसमोर त्याचे आभार माना. उद्याची शंका बरोबर असू शकते. आणि स्वतःची एखादी चूक स्वतःच्या तोंडाने सांगा. जे परिचारिका किंवा शिकाऊ डॉक्टर आहेत, त्यांनी व्यक्तीविषयी न बोलता रुग्णाविषयी बोलावे: “सर, मात्रा एकदा पाहाल का? मला दहापट वाटते आहे.” यात उद्धटपणा नाही आणि गप्प बसणेही नाही. हा खरा विनय, कारण तो सत्यापुढे नम्र आहे.

आणि आपण बाकीचे? घरातील वडीलधारे, कार्यालयातील अधिकारी, सत्संग चालवणारे कार्यकर्ते, आपणही कोणाचे तरी नेते आहोत. आज रात्री नामस्मरणाला बसण्यापूर्वी स्वतःला विचारा: “तुमचे येथे चुकते आहे,” असे मला शेवटचे कोणी आणि कधी सांगितले? कोणीच आठवत नसेल, तर आपण निर्दोष आहोत असे समजू नका. आपल्याभोवतीची माणसे कदाचित मुकाट्याने इंजेक्शन भरत असतील.

ताईंना त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नाही. त्यांच्या शेजारी बसलेल्या एका तरुण डॉक्टरांनी एवढेच म्हटले, “ताई, उद्या मी वॉर्डात सिस्टरना आधी विचारेन.” ताईंनी डोळे पुसले आणि हात जोडले. आपणही हा संकल्प करू या.