आमच्या गावावर कधी लिहिणार?

कादंबरी लिहिताना समोर कुणी नसतं. ग्रंथमहोत्सवात माणसं समोर बसलेली असतात आणि त्यांतल्या बहुतेकांनी माझं पुस्तक उघडलेलंही नसतं. साताऱ्याला जिल्हा परिषदेच्या मैदानावर बोलायला उभा राहिलो, तेव्हा पुढच्या रांगांत ग्रंथदिंडीहून आलेली शाळेची मुलं होती. त्यांना माझ्या कादंबरीचं सार सांगावंसं वाटेना. चार वाक्यांत मावणारी गोष्ट असती, तर ती लिहायला वर्षं कशाला घालवली असती? मी वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांविषयी बोललो. शाळेत फारसं न गेलेल्या या माणसानं आपल्या वारणेच्या खोऱ्यातली माणसं 'फकिरा'त उभी केली. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांनी धनगरांच्या एका वाडीवर 'बनगरवाडी' लिहिली, तेही सांगितलं. ही पुस्तकं मुलांना मैदानावरच्या दालनात हाताळायला मिळणार होती.

भाषण संपल्यावर एक वयस्कर गृहस्थ जवळ आले. त्यांचं मूळ गाव कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेलं. "आमच्या गावावर कधी लिहिणार?" त्यांनी सरळ विचारलं. कोयनेची वीज 1962 पासून महाराष्ट्राला मिळू लागली. त्या पाण्याखालच्या गावांची माणसं मात्र रायगड, ठाणे, सोलापूर, सांगलीकडे पांगली. त्या गृहस्थांच्या प्रश्नात विनंती नव्हती, हक्क होता. मी आश्वासन दिलं नाही. आश्वासनानं कादंबरी होत नाही, आणि ज्यांनी धरणाच्या वेळी अनेक आश्वासनं ऐकली त्यांना आणखी एक देणं मला अनुचित वाटलं. "गावात काय काय होतं ते सांगा," एवढंच म्हणालो. मग ते बराच वेळ बोलले: देवळाविषयी, नाचणीच्या वरकस जमिनीविषयी, शेजाऱ्यांविषयी.

धरणग्रस्तांवरच्या 'झाडाझडती'चे लेखक विश्वास पाटील 99 व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून साताऱ्यात आले, याचं मला म्हणूनच मोल वाटतं. कोयनेच्या जिल्ह्यात त्या कादंबरीला वाचकांपेक्षा साक्षीदार अधिक भेटतील.

सांगलीकडे प्रश्न पाण्याचेच, पण पुराचे. संक्रांतीला औदुंबरला कृष्णाकाठी भरणारं संमेलन मला फार जवळचं. तिथं शेतातून आलेला माणूस लेखकाशी बरोबरीनं बोलतो. 2019 च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं भिजली. त्या ग्रंथालयाच्या एका जुन्या सभासद बाईंनी मला विचारलं, पुरावरच्या लेखनात घरं आणि जनावरं येतात, मग पुस्तकं का येत नाहीत? या प्रश्नानं मला एका पात्राचं घर दाखवलं. ते अजून कागदावर यायचं आहे.

हल्ली आमंत्रण आलं की आयोजकांना विचारतो, प्रश्नोत्तरांना किती वेळ ठेवलाय? बहुतेक ठिकाणी दहा मिनिटं असतात, तीही आभारप्रदर्शनात जातात. मी माझं भाषण निम्मं करायला सांगतो आणि ध्वनिक्षेपक मागच्या रांगेपर्यंत फिरवायला एक माणूस मागून घेतो.