जाणत्याचा धर्म

ज्यास एखादी विद्या अवगत आहे त्यानें, ती ज्यास अवगत नाहीं त्याच्याशीं कसें वागावें, हा प्रश्न फार जुना आहे. वैद्य आणि रोगी, सराफ आणि गिऱ्हाईक, वकील आणि पक्षकार, ह्या सर्व जोड्यांत एक जण आपलें हित डोळे मिटून दुसऱ्याच्या हातीं सोंपवितो. शिंप्यानें कापड चोरलें तर अंगरखा आंखूड होतो व चोरी उघडकीस येते. परंतु वैद्यानें नको तें औषध दिलें तर रोग्यास तें बहुधा कधींच कळत नाहीं. जेथें लबाडी पकडली जाण्याचा संभव कमी, तेथें धर्माची जरूर अधिक, असें म्हणावयास म्हणूनच हरकत नाहीं. ह्या मालिकेंत आमच्या काळानें एका नव्या धंद्याची भर घातली आहे. तो धंदा म्हणजे संगणक दुरुस्त करणाऱ्याचा.

देवळाली कॅम्प हें छावणीचें गांव. तोफखान्याचें विद्यालय येथें आहे, आणि नोकरी संपल्यावर येथेंच घर करून राहिलेले फौजी गृहस्थही आढळतात. लॅम रोडवरील एका लहानशा दुरुस्तीच्या दुकानांत आम्ही आमच्या कामासाठीं बसलों असतां असेच एक निवृत्त सुभेदार आपला जुना संगणक घेऊन आले. यंत्र फार हळू चालतें, एवढीच त्यांची तक्रार होती. दुकानदारानें तें उघडून धूळ झटकली, तपासणी केली, आंत शिरलेले दोन-तीन व्हायरस काढून टाकले, आणि म्हणाला, "सुभेदारसाहेब, यंत्र ठीक आहे. पण ह्यांत विंडोज सात आहे. त्याची डागडुजी कंपनीनें केव्हांच बंद केली. ह्याला इंटरनेट जोडून बँकेचें काम करूं नका." सुभेदार हंसले. "चालतो ना? मग झालें. बारा वर्षें चालतोय, अजून कांहीं बिघडलें नाहीं."

ह्यापुढें त्या दुकानदारानें काय करावें? आमच्या मतें हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

प्रथम सुभेदारांच्या उत्तरांतील चूक पाहूं. सायकल जुनी झाली म्हणजे तिची साखळी झिजते, आणि ती झीज डोळ्यांस दिसते. संगणक मात्र स्वतः तिळमात्र न बदलतां धोक्याचा होऊं शकतो. कारण बदलतें तें त्याच्याभोंवतालचें जग. आज्ञावलींत राहून गेलेली चूक म्हणजे भिंतींतलें भोंक होय. चोरांस तें सांपडलें म्हणजे कंपनीनें तें बुजवावें लागतें; आणि ज्या दिवशीं कंपनी हें काम सोडते त्या दिवसापासून पुढें सांपडणारें प्रत्येक भोंक उघडेंच राहतें. विंडोज एक्सपीच्या बाबतींत तो दिवस ८ एप्रिल २०१४ हा होता, विंडोज सातच्या बाबतींत १४ जानेवारी २०२०, आणि विंडोज दहाच्या बाबतींत १४ ऑक्टोबर २०२५.

तथापि सारा दोष जुनेपणाचा आहे असेंही नाहीं. १२ मे २०१७ रोजीं 'वॉनाक्राय' नांवाचा व्हायरस जगभर पसरला, लोकांचे कागद त्यानें कुलपांत घातले आणि किल्लीसाठीं खंडणी मागितली. इंग्लंडांतील कित्येक रुग्णालयांस त्या दिवशीं रोगी परत पाठवावे लागले. ज्या भोंकांतून तो शिरला तें बुजविण्याचें साधन मायक्रोसॉफ्टनें त्यापूर्वीं दोन महिने, मार्चांतच, दिलें होतें. बाधा झालेल्या यंत्रांपैकीं बहुतेकांवर विंडोज सात होतें, व तें त्या वेळीं कंपनीनें टाकून दिलेलें नव्हतें. औषध होतें, घेतलें गेलें नव्हतें. उलट पक्षीं, त्याच वर्षीं २७ जून रोजीं युक्रेनमध्यें हिशेबाच्या एका आज्ञावलीच्या अधिकृत सुधारणेंतूनच दुसरें विष फैलावलें, आणि त्याच्या तडाख्यानें आपल्याकडील जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका मालधक्क्याचें काम खोळंबलें. तात्पर्य, 'नवें तें सुरक्षित' हें वाक्यही 'चालतें तें ठीक' ह्या वाक्याइतकेंच आंधळें आहे. येथें निर्णयास जाणत्याची नजर लागते, आणि म्हणूनच जाणत्याच्या शीलाचा प्रश्न उत्पन्न होतो.

अशा जाणत्यापुढें तीन मोह असतात. पहिला भयाचा: गिऱ्हाइकास घाबरवून नवा संगणक त्याच्या गळ्यांत बांधावा. दुसरा उदासीनतेचा: मजुरी घ्यावी, यंत्र परत द्यावें, आणि पुढें बुडाला तर तो व त्याचें नशीब म्हणावें. हे दोन्ही मोह उघडच निंद्य आहेत, आणि त्यांविषयीं अधिक लिहिण्याचें कारण नाहीं. तिसरा मात्र सद्गुणाच्या वेषांत येतो. 'ह्यांना कळत नाहीं, मला कळतें. तेव्हां न विचारतां ह्यांच्या भल्याचें तें करून टाकावें.' जुन्या आज्ञावल्या पुसाव्यात, नवी प्रणाली घालावी, आणि म्हाताऱ्यास 'आतां असेंच चालतें' असें सांगावें.

ह्या तिसऱ्या मोहाचें खरें रूप कळण्यास एक उदाहरण उपयोगी पडेल. १९८६ सालीं लाहोरांत संगणकाचें दुकान चालविणाऱ्या दोघां भावांनीं 'ब्रेन' नांवाचा व्हायरस लिहिला. आयबीएम धर्तीच्या वैयक्तिक संगणकांवर पसरलेला तो पहिला व्हायरस मानला जातो. त्यांत त्यांनीं स्वतःचें नांव, पत्ता व दूरध्वनीचा क्रमांकही घातला होता! आपली आज्ञावली चोरून नकलणाऱ्यांस धडा शिकवावा, एवढाच आपला हेतु होता, असें त्यांचें म्हणणें. पुढील दशकांत पुण्यांत दुसरे दोघे भाऊ ह्याच धंद्यांत होते. कैलास काटकर कॅल्क्युलेटर व पुढें संगणक दुरुस्त करीत. गिऱ्हाइकांचीं यंत्रें व्हायरसनें बिघडून येऊं लागलीं तेव्हां धाकटे बंधू संजय ह्यांनीं त्यावर उतारा लिहिला, आणि त्यांतून 'क्विक हील' निघालें. एकाच्या दुकानांतून विष निघालें, दुसऱ्याच्या दुकानांतून औषध. पण लाहोरच्या भावांसही आपण न्यायानेंच वागतों असें वाटत होतें, हें विसरतां कामा नये. फरक हेतूंत शोधूं गेलें तर तो हातांतून निसटतो. खरा फरक हा कीं, एकानें दुसऱ्याच्या यंत्रांत न विचारतां हात घातला, आणि दुसऱ्याच्या औषधास गिऱ्हाइकानें स्वतः बोलाविलें.

ह्यावर एक बळकट आक्षेप येतो. वॉनाक्राय कोणीं कांहीं न दाबतांही एका यंत्रावरून दुसऱ्यावर जात होता. मग मालकाच्या हट्टाचें फळ शेजाऱ्यानें कां भोगावें? सांथीच्या रोगांत व्यक्तीच्या इच्छेस किती मान द्यावयाचा? महाराष्ट्रानें ह्या प्रश्नाचें उत्तर १८९७ सालीं फार महाग किंमत देऊन शिकून घेतलें आहे. पुण्यांत प्लेग खरा होता, आणि तो आटोक्यांत आणणें अवश्य होतें; परंतु सोजीर घरांत घुसले, देवघरापर्यंत गेले, आणि लोक रोगापेक्षां उपायासच अधिक भिऊं लागले. त्याच वर्षाच्या जानेवारींत मुंबईस डॉ. हाफकिन ह्यांनीं आपली प्लेगाची लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली होती. लोकहिताचे हे दोन मार्ग. एक दार फोडतो, दुसरा दारापाशीं उभा राहून आपला दंड पुढें करितो.

म्हणून आमचें मत असें. जाणत्यानें सत्य सांगावें, आणि तें अजाणत्यास समजेल अशा भाषेंत, एकदां नव्हे तर समजेपर्यंत सांगावें. स्वस्त उपाय प्रथम पुढें ठेवावा, महाग मागाहून. यंत्रांत दिसलेलीं खासगी पत्रें व चित्रें न पाहिल्यासारखीं विसरावींत. निर्णय मालकाचा राहूं द्यावा. मात्र ज्या कृत्यानें इतरांस अपाय होईल तें स्वतःच्या हातानें करण्यास नकार देण्याचा हक्क त्यासही आहे; कारण सक्ती न करणें निराळें आणि पापांत हात देणें निराळें.

त्या दुकानदारानें हें सर्व कोठें वाचलें नसावें. त्यानें एवढेंच विचारलें, "साहेब, छावणींत रात्रीं पहारा कशासाठीं असतो? रोज चोर येतो म्हणून?" सुभेदार कांहीं वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ह्यांत आमच्या मंडळींचे फोटो आहेत. त्या आतां नाहींत." सर्व फोटोंच्या दोन प्रती वेगळ्या डिस्कवर काढल्या गेल्या. यंत्राचें इंटरनेट सुभेदारांच्या संमतीनें बंद झालें. बँकेचें काम मुलाच्या फोनवर करावयाचें ठरलें. नवा संगणक खपला नाहीं, आणि मजुरी ठरली होती तितकीच घेतली गेली.

उद्यां सुभेदार घरीं जाऊन ती तार पुन्हां जोडणार नाहींत कशावरून? ह्याची हमी कोणीच देऊं शकणार नाहीं. पहारेकऱ्यानें 'कोण आहे?' म्हणून हांक द्यावी. घरधन्यास कोंडून ठेवणें हें त्याचें काम नव्हे.