चमचा कुणाच्या हाती

“ताट हातात घेऊन रांगेत उभं राहायचं ते भिकाऱ्यानं, पाहुण्यानं नव्हे.” आमच्या अंकुशनगरला लग्नाच्या मांडवात एक निवृत्त गुरुजी हे नेमानं ऐकवतात आणि मी नेमानं मान डोलावतो. यंदा मात्र शेजारी गल्लीतलाच एक मुलगा होता. मराठवाड्यातली काही मुलं डॉक्टरकी शिकायला फिलिपिन्समधल्या दावावला जातात, त्यातला हा एक. तो म्हणाला, “गुरुजी, तिकडं तर पैसे मोजून लोक असे जेवतात.”

मग तो तिथल्या बुफेचं वर्णन करत बसला. एकदाच पैसे भरायचे आणि हवं ते, हवं तितकं घ्यायचं. भात तर हवाच. शिरक्यात आणि सोया सॉसमध्ये शिजवलेलं अदोबो, चिंचेनं आंबट केलेलं सिनिगांग, अख्खं भाजलेलं डुक्कर म्हणजे लेचोन, शेवयांचं पान्सित. सगळ्यात आपलं वाटलं ते कारे-कारे, कारण त्याचा रस्सा शेंगदाण्याचा. ताटात अन्न टाकलं तर काही ठिकाणी वेगळे पैसे लावतात, हेही त्यानं सांगितलं.

बुफेत अन्न वाया जातं की पंगतीत, या वादात मला शिरायचं नाही, दोन्हीकडं जातं. माझा भेद वेगळा आहे: वाढून मिळणं आणि स्वतः घेणं. आजवर मला पहिलंच थोर वाटत आलं. पानावर बसलेल्या माणसाला कुणी तरी वाकून वाढतं, “अजून एक घ्याच” म्हणतं, त्यात जो जिव्हाळा आहे तो स्टीलच्या भांड्यांच्या ओळीत कुठून येणार? गुरुजींची बाजू मी मनात अशीच मांडत होतो.

पण वाढणारा हात कुणाचा, हे आपण विचारत नाही. कुणी वाढलेलं चालतं, कुणाच्या शेजारी बसलेलं चालतं, कुणाचं पान मांडवाबाहेर पडतं, हे पंगतीनं शतकानुशतकं ठरवलं. बायकांची पंगत शेवटी, हे तर माझ्या लहानपणीही ठरलेलंच होतं. 1890 साली पुण्यात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या पंचहौद मिशनमध्ये चहा पुढं आला, त्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातीबहिष्काराचा वाद, उठलं आणि टिळक-रानड्यांसारख्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. जेवणही नव्हे, नुसता चहा!

आणि पैठण आमच्यापासून लांब नाही. आमच्या उसाला जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी येतं, ते तिथूनच. त्याच पैठणात एकनाथांनी श्राद्धाचं अन्न अस्पृश्य मानलेल्यांना आधी जेवू घातल्याची कथा सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिच्यातल्या दयेवरच कीर्तनात भर असतो. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. नाथांनी दान केलं एवढंच नाही, पहिली पंगत कुणाची हे त्यांनी बदललं, आणि गावाला राग आला तो त्याचाच.

बुफेत हा क्रम मोडायला संत लागत नाही. डावाचा एकच दांडा सगळ्यांच्या हातून फिरतो. माझ्या आधी तो कुणी धरला होता, हे विचारायची सोयच उरत नाही.

उभं राहून जेवण्यानं माणूस हलका होतो, हे गुरुजींचं म्हणणंही मला आता पटत नाही. त्याच फिलिपिन्समध्ये लष्करातून आलेला एक रिवाज आहे, बूडल फाइट नावाचा. लांब टेबलावर केळीची पानं अंथरतात, भाताची रास घालतात, त्यावर मासे, मांस, भाज्या. अधिकारी आणि शिपाई दोन्ही बाजूंना खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि हातानं जेवतात. केळीचं पान आपलं, हातानं जेवणं आपलं. हुद्दा विसरून एका राशीवर हात टाकणं मात्र आपल्याला काल्याच्या दिवशी जमतं, एरवी जड जातं.

म्हातारीला ताट धरून उभं राहता येत नाही, हे खरं. तिच्यासाठी खुर्ची-टेबल मांडावं, नातवानं ताट आणून द्यावं. आग्रह करणाऱ्यानं खुर्चीपाशी जाऊन करावा. त्यासाठी पंगतच लागते असं नाही. एवढ्या कारणानं सगळी जुनी व्यवस्था परत आणायची मला गरज दिसत नाही. पंगतीची बाजू घ्यायला निघालो होतो, आणि आज घरातल्या पुढच्या कार्याला बुफेच ठेवा असं मी सांगेन.

तरी एक गोष्ट राहतेच. दावावच्या बुफेत खिशात पैसे असणारा येतो, आमच्याकडं आमंत्रण असणारा. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या फडाजवळ खोप्या टाकतात. लग्नाच्या मांडवातले लाऊडस्पीकर तिथवर ऐकू जातात, पण त्या रांगेत त्यांची लेकरं नसतात. मांडवातही आचारी, मंडपवाले आणि भांडी घासणाऱ्या बाया अजून सगळ्यांच्या मागूनच जेवतात, तेही उरलं तर. डाव त्यांच्या हाती आधी देण्याला कुणाचीच आडकाठी नाही, आणि तरी एकाही यजमानानं तसं केलेलं मी पाहिलेलं नाही.