सोणाचे पाय

भंडाऱ्याहून पवनीला जाणारा रस्ता मॅरेथॉनच्या 42.195 किलोमीटरहून थोडासाच लांब भरतो. दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, मधूनच एखादा मामा (माजी मालगुजारी) तलाव, आणि शेवटी वैनगंगेकाठचं जुनं गाव. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने 1969-70 मध्ये खोदकाम केलं, तेव्हा मातीखालून बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या दगडी कठड्यावर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली होती. दोन हजार वर्षांपूर्वी या नदीकाठी ज्या गोष्टी सांगितल्या-ऐकल्या जात असतील, त्यांत रक्ताळलेल्या पायांच्या एका भिक्खूची गोष्टही असेल, असं मानायला हरकत नाही.

त्याचं नाव सोण कोळिविस. चंपा नगरीच्या श्रीमंत शेठजीचा मुलगा. इतका नाजूक, की तळपायांवर लव होती आणि ते पाय बघायला बिंबिसार राजाने त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. हाच सोण पुढे भिक्खू झाला आणि येरझाऱ्या घालत ध्यान करू लागला. इतक्या घातल्या, की तळवे फुटले आणि चालायची वाट कसाईखान्यासारखी लाल झाली. एवढं करूनही हाती काही लागेना. घरी परतावं, संपत्ती भोगावी, दानधर्म करावा, असं त्याच्या मनात आलं.

दुखापतीने सराव मोडलेल्या धावपटूला ही अवस्था नवी नाही.

भंडाऱ्यात पहाटे रस्त्यावर पळणारी बहुतेक पोरं मॅरेथॉनची नसतात, भरतीची असतात. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावायचं असतं. ‘ग्राउंड’ निघालं पाहिजे, एवढाच ध्यास. डांबरावर रोज धावून नडगी धरते, त्याला ही पोरं ‘शिन पेन’ म्हणतात. त्यांच्यातलाच कुणी, किंवा चाळिशीत पळायला लागलेला एखादा मास्तर, जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला नाव घालतो. सोळा-अठरा आठवड्यांचं वेळापत्रक भिंतीवर लागतं. आणि दिवाळीनंतर कधीतरी पायाचं हाड बोलायला लागतं.

इथून पुढचा प्रश्न डॉक्टरांचा कमी आणि धर्माचा जास्त आहे. संकल्प केला होता; तो मोडला का?

आपल्या धर्मशास्त्राने यावर आश्चर्य वाटावं इतका व्यवहारी विचार केलेला आहे. कशाने व्रतभंग होत नाही, याची आठ गोष्टींची एक यादी परंपरेत आहे. पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हविष्य आणि ब्राह्मणाची इच्छा यांच्या जोडीला तीत गुरूचा शब्द आहे आणि औषध आहे. धावपटूच्या भाषेत सांगायचं, तर कोचने थांब म्हटलं किंवा डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती लिहून दिली, तर व्रत शाबूत. व्रत घेणारा आजारी पडल्यास बायको, नवरा किंवा मुलाने ते पुरं करावं, अशीही सोय आहे. मॅरेथॉनमध्ये मात्र ती चालत नाही. छातीवरचा बिब दुसऱ्याला देता येत नाही.

तरीही थांबलेल्या माणसाला अपराधी वाटतंच. संयुत्त निकायातल्या सल्ल सुत्तात बुद्धाने दोन बाणांचा दाखला दिला आहे. पहिला बाण शरीरात घुसतो, तो सगळ्यांनाच दुखतो. त्या दुखण्यावर मन जे रडगाणं रचतं, तो दुसरा बाण. नडगीचं हाड हा पहिला बाण. ‘सगळी मेहनत पाण्यात गेली’ हा दुसरा, आणि तो बराचसा खोटाही आहे. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, चांगला सराव असलेल्या खेळाडूंनी तीन आठवडे व्यायाम पूर्ण बंद ठेवला, तेव्हा ऑक्सिजन वापरण्याची त्यांची कमाल क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी उतरली होती. घट खरी; पण पाण्यात गेलं म्हणण्याइतकी नाही.

अडचण अशी, की आपल्यापर्यंत पोचणाऱ्या गोष्टी न थांबणाऱ्यांच्याच असतात. अमेरिकेची जोन बेनॉइट 1984 मध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सतराव्या दिवशी निवड चाचणी धावली, जिंकली, आणि ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला महिलांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉनही जिंकली. टांझानियाचा जॉन स्टीफन अख्वारी 1968 ला मेक्सिकोतल्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये पडला, गुडघा जायबंदी झाला, तरी विजेत्यानंतर तासाभराहून अधिक वेळाने, सर्वांत शेवटी, पट्टी बांधलेल्या पायाने स्टेडियममध्ये आला. दोघांच्या धैर्याला नमस्कारच. पण त्याच शर्यतींत शहाणपणाने बाजूला झालेल्यांचे फोटो भिंतीवर लागत नाहीत, त्यामुळे थांबणं हीही साधना असू शकते हे कुणाला दिसतच नाही.

सोणाला ते बुद्धाने दाखवलं, आणि उपदेश न करता. त्याने विचारलं, घरी होतास तेव्हा वीणा वाजवायचास ना? तारा फार ताणल्यावर सूर लागायचा? नाही. फार सैल सोडल्यावर? तेव्हाही नाही. मग प्रयत्नाचंही तसंच समज. ‘कमी कर’ असं बुद्ध म्हणाला नाही. तार किती पिळायची याचा आकडाही त्याने दिला नाही, कारण तो हवेप्रमाणे, लाकडाप्रमाणे, रोज बदलतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला, दोघांनाही योग नाकारला आहे. तिथेही माप ज्याचं त्यानेच काढायचं.

विनयपिटकात या गोष्टीला एक शेपूट आहे, आणि ते फार गोड आहे. बुद्धाने सोणाला एकपदरी तळाच्या वहाणा वापरायची परवानगी दिली. सोण म्हणाला, ऐंशी गाडे सोनं सोडून आलो, आता वहाणांना चिकटलो असं लोक म्हणतील. सगळ्या संघाला परवानगी असेल, तर मीही घालीन. तेव्हा ती सगळ्यांनाच मिळाली. एकाच्या जखमी पायांनी सगळ्यांसाठी नियम बदलला.

कारधाच्या पुलाजवळ पहाटे थांबलेला एखादा पोरगा बूट काढतो आणि अंगठ्याने नडगी वरून खाली चाचपत जातो. लांबवर पसरलेली ठणक असेल आणि पळताना मोकळी होत असेल, तर बहुधा स्नायू-आवरणाचं दुखणं. बोटभर जागेवरच कळ येत असेल आणि ती रात्रीही झोपू देत नसेल, तर हाडाला चीर गेल्याची शंका घ्यावी. तो दाबतो, श्वास रोखतो, पुन्हा त्याच जागी दाबतो. बरोबरची पोरं पूल ओलांडून पुढे गेलेली असतात. तो बुटाच्या नाड्या एकमेकींना बांधतो, बूट खांद्यावर टाकतो आणि घराकडे चालू लागतो.