हाताचा गुण की हाडाचा?

दुचाकी घसरते, गुडघा टम्म सुजतो, पाय टेकवत नाही. अशा वेळी एक्स-रे कुठे काढायचा, हा प्रश्न घरात निघायच्या आधीच अमुक गावच्या हाडवैद्याच्या ‘हाताला गुण आहे’ असे कुणीतरी सांगते आणि गाडी तिकडे वळते. गाडीत पदवीधरही असतात.

हा गुण जरा तपासू. मोडलेले हाड सांधण्याची शक्ती हाडातच असते. ते जागचे हलले नसेल तर लेपाखाली जुळते तसे प्लास्टरमध्येही जुळते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली की आपण कावळ्याचा सत्कार करतो.

‘आमच्या आजोबांचा हात असाच बरा झाला!’ झाला असेल. पण गुडघ्यात हाड नुसते सांधून भागत नाही. नडगीचा माथा मांडीच्या हाडाचा भार पेलतो. तो खचलेलाच राहिला तर हाड जुळते आणि सांधा झिजत जातो. माथा किती खचला, हे चाचपून कळत नाही. त्यासाठी एक्स-रे लागतो, पुष्कळदा सीटी स्कॅनही.

याहून गंभीर गोष्ट गुडघ्याच्या मागे आहे. पायाची मुख्य रोहिणी तिथून हाडालगत जाते. मारात तीही दुखावू शकते. पोटरीत सूज कोंडली तरी रक्तपुरवठा तुटतो. असा पाय चोळून वर कामट्या करकचून आवळल्या, की उरलासुरला प्रवाहही थांबतो. रक्त न मिळालेले स्नायू साधारण सहा तासांत मरू लागतात. बोटे बधिर, गार पडतात, हलवली तर असह्य कळ येते. नेमक्या त्या वेळी ‘दुखतंय म्हणजे हाड बसतंय’ अशी समजूत घातली जाते. शेवटी पाय कापावा लागला, तर दोष नशिबाला.

‘डॉक्टर उगाच ऑपरेशन करतात,’ ही तक्रार मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. काही तसे करतातही. पण त्यावर उपाय प्रश्न विचारण्याचा आहे. हाड किती सरकले, प्लास्टरने का भागणार नाही, पट्टी-स्क्रू का हवेत, हे फिल्म समोर धरून समजावून घ्यावे. पटले नाही तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवावे. जो प्रश्न विचारू देतो त्याच्यावर संशय आणि जो विचारूच देत नाही त्याच्यावर श्रद्धा, हा कुठला विवेक?

आता न्हाणीघरात पडलेल्या सत्तरीच्या आईकडे वळू. पाळी गेल्यावर बायकांची हाडे झपाट्याने ठिसूळ होतात. साध्या पडण्यानेही गुडघ्याजवळ मोडतात. ‘या वयात कशाला खर्च?’ असे म्हणणारा मुलगा तिच्या तेराव्याला दोनशे पाने उठवील. खाटेला खिळलेल्या म्हातारीला शय्याव्रण होतात, न्यूमोनिया गाठतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. शस्त्रक्रिया सोसेल की नाही, हे तपासणी ठरवील; नुसते वय नव्हे. आणि तपासणीनंतर निर्णयाला बसाल, तेव्हा ओसरीवरच्या पुरुषांआधी खाटेवरच्या आईला विचारा. पाय तिचा आहे.